बावीस दिव्यांचा पूल

६ नोव्हेंबर
शाळेचं ग्रंथालय, मधली सुट्टी संपल्यावर

छोटे,

फोन तू उचलत नाहीस आणि मेल उघडत नाहीस. पाकिटाचं तसं नसतं. ते फाडायचं नसलं तरी दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवावंच लागतं. तेवढ्या वेळात अक्षर ओळखशील. नऊ वर्षांत ते काही सुधारलेलं नाही.

तुझ्या लेकीने मला मेल केली. तिच्यावर चिडू नकोस. मावशीचा पत्ता तिने शाळेच्या वेबसाइटवरून शोधून काढला, म्हणजे पोरगी हुशार आहे आणि माझ्या वळणावर गेली आहे. तिने लिहिलंय की तुमच्या औषधांच्या दुकानात एका गिऱ्हाइकाने आरडाओरडा केला, तू चुकीची गोळ्यांची पट्टी दिलीस म्हणून. तू तिथल्या तिथे हात जोडून माफी मागितलीस. मग मालकाने कॅमेऱ्यातलं चित्रण काढून पाहिलं, तर तू दिलेली पट्टी बरोबर होती. सगळे हसले, गिऱ्हाईक वरमलं, आणि तू मात्र मालकाला म्हणालीस, "मला लहानपणापासून नसलेलं दिसतं, माझ्यावर विसंबू नका." आता म्हणे तू एकेक चिठ्ठी तीनतीनदा वाचतेस, शेजारच्या मुलीला विचारतेस की मला दिसतंय तेच लिहिलंय ना. आणि तीस तारखेला नोकरी सोडणार आहेस.

हा शुद्ध वेडेपणा आहे. बावीस वर्षं तू त्या काउंटरमागे उभी आहेस. डॉक्टरांची ती मुंग्या चालल्यासारखी अक्षरं लावणं येरागबाळ्याचं काम नव्हे.

पुलाबद्दल मी बोलले त्यातलं मी काही मागे घेत नाही, हे आधीच सांगते. तू सहा वर्षांची होतीस. सहाव्या वर्षी सगळ्यांनाच काहीबाही दिसतं. भर उन्हाळ्यात पुलावर गरम बर्फ पडला, आणि बाबांनी सगळे दिवे मालवले तेव्हा तो उडून गेला. ही गोष्ट तू शाळेत सांगितलीस, नातेवाइकांत सांगितलीस, सासरी सांगितलीस. बाबांना विचारावं, तर ते स्वतः थापांचे सम्राट. वायरमन माणूस, तारांवर बसलेल्या चिमण्या प्रवाह मोजायला खात्यानेच नेमल्या आहेत असं ते गंभीर चेहऱ्याने सांगायचे. त्यांच्या "हो हो, पडला होता की बर्फ" याला काय किंमत असणार? घरात तुझं नाव थापाडी पडलं ते पडलंच.

आणि मग बाबांची शोकसभा. तू उठून तीच गोष्ट सांगायला लागलीस. तुम्हाला पुलावर नेणाऱ्या खात्याच्या गाडीचा ड्रायव्हर केव्हाच वारलेला, समोर बसलेली खात्यातली माणसं सगळी नंतर नोकरीला लागलेली. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मी उठले आणि म्हणाले, "माफ करा, माझ्या बहिणीला कल्पना करायची सवय आहे. मी ग्रंथपाल आहे. जुनी वर्तमानपत्रं मी सगळी धुंडाळली आहेत. असं काही झालेलं नाही." तू खाली बसलीस. चहा न घेता निघून गेलीस.

पण छोटे, एका पुलाची गोष्ट वेगळी आणि हातातली औषधाची पट्टी वेगळी. नोकरी सोडू नकोस.

तुझी
ताई


१२ नोव्हेंबर
ग्रंथालय, शेवटचा तास

छोटे,

मागचं पत्र पोचलं असेल. ते फाड. हे आधी वाच.

मी काय करते हे तुला नीट ठाऊक नाही, म्हणून थोडं सांगते. आमच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या कपाटांमागे बारा कॉम्प्युटर आहेत. त्यांवर शाळेने चार ऑनलाइन डेटाबेस घेतलेत: एक ज्ञानकोश, दोन नियतकालिकांचे, एक जुन्या वर्तमानपत्रांचा. मुलांना वाटतं, इंटरनेटवर शोधलं की झालं. मी त्यांना शिकवते की हे वेगळं तळं आहे, इथे पाणी गाळून घेतलेलं असतं. कोणी लिहिलं, कधी लिहिलं, कुठे छापलं, सगळं नोंदवलेलं. दुपारी पडदे ओढले की त्या बारा पडद्यांचा निळसर उजेड मुलांच्या कपाळांवर पडतो, पंखा घरघरतो, आणि मला कधीकधी वाटतं आपण सगळे पाण्याखाली बसलोय आणि वरून कुणीतरी जुनी वर्षं एकेक करून खाली सोडतंय. मुलं मला शूऽऽ मॅडम म्हणतात. मला ऐकू येत नाही असा त्यांचा समज आहे.

नववीत एक मुलगी आहे, शिक्षकांनी तिचं नाव शंकासूर ठेवलंय. रस्त्यावरच्या दिव्यांमुळे किड्यांचं काय होतं, असा तिचा प्रकल्प. आज ती जुन्या वर्तमानपत्रांत शोधत होती. चारच नोंदी आल्या. ती म्हणाली, "मॅडम, इतक्या कमी कशा? लोकांनी किडे पाहिलेच नाहीत का?" मी म्हटलं, जेवढं आहे तेवढंच दिसणार. त्यावर तिने पडद्याच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. "मग इथे ही बरोबरची खूण कुणी करून ठेवलीय?"

ती खूण मीच करून ठेवली होती. बारा वर्षांपूर्वी, डेटाबेस नवे आले तेव्हा. शोधाच्या चौकटीखाली एक बारीक चौकोन असतो: फक्त पूर्ण मजकूर असलेल्या नोंदी दाखवा. त्यावर टिचकी मारली की ज्या बातम्यांचं नुसतं शीर्षक आणि दोन ओळींचा सारांश आहे, त्या गाळल्या जातात. मुलं कुरकुरायची, मॅडम, नाव दिसतंय पण आत काहीच नाही. म्हणून मी सगळ्या कॉम्प्युटरांवर तो चौकोन कायमचा भरून टाकला, माझ्यासुद्धा. आणि विसरून गेले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

शंकासूरने खूण काढली. चारच्या जागी एकसष्ट नोंदी आल्या. तिसऱ्या पानावर ही होती:

पुलावरील दिवे मालवले. लाखो किड्यांचा थवा. वाहतूक दोन तास बंद.

वर्ष तू सहाची होतीस तेच. महिना एप्रिल. पूल धरणाजवळचा, बाबांना ज्याच्यावर दोन महिन्यांसाठी पाठवलं होतं तोच. आपल्या गावापासून गाडीने अर्ध्या तासावर, मधे वस्तीच नाही, म्हणून शेजारीपाजारी कुणाला कळायचा प्रश्नच नव्हता.

मी खुर्चीत बसले. मुलगी म्हणाली, "मॅडम, पाणी आणू?"

मी तिला म्हटलं, मी नऊ वर्षांपूर्वी हेच शोधलं होतं, काही मिळालं नव्हतं. तिने विचारलं कोणता शब्द टाकला होता. मी म्हटलं, बर्फ. तिने माझ्याकडे असं पाहिलं जसं मी मुलांकडे पाहते. "पण ते बर्फ नव्हतं ना. एखाद्याला बर्फासारखं दिसलं असेल. त्याला आधी विचारायचं, काय काय दिसलं, मग शब्द ठरवायचे." हे मीच त्यांना पहिल्या तासाला शिकवते. पालथ्या घड्यावर पाणी पडलं नव्हतं म्हणायचं. पालथा घडा मीच होते.

छोटे, तू खोटं बोलली नव्हतीस. तुला नसलेलं दिसलं नव्हतं. एक चौकोन भरलेला राहिला, एवढंच झालं. चूक यंत्राच्या मांडणीतली, आणि मांडणी माझी, म्हणून माफी माझी. पूर्ण बातमी ज्या ग्रंथालयाकडे आहे तिकडे मी आजच मागणी पाठवली आहे. पानाची प्रत करून पाठवतात, आठवडा लागतो. तोवर मालकाला काही सांगू नकोस.

तुझी
ताई


२० नोव्हेंबर
घरून

छोटे,

तू उत्तर लिहिलं नाहीस, पण तुझ्या लेकीने कळवलं की दोन्ही पत्रं तुझ्या पर्समध्ये आहेत. मला तेवढं पुरे.

बातमी आली. प्रत पुसट आहे, म्हणून मी हाताने उतरवून पाठवते आहे:

"काल सायंकाळी धरणाजवळील नव्या पुलावर लाखो पांढऱ्या किड्यांचा थवा उतरल्याने वाहतूक दोन तास ठप्प झाली. एका संध्याकाळपुरतेच जगणारे हे किडे पाण्यातून वर येऊन दिव्यांवर झेपावत होते. रस्त्यावर घोटाभर थर साचून वाहने घसरू लागली. अखेर वीज खात्याच्या वायरमनला पाचारण करण्यात आले. त्याने पुलावरील बावीस दिवे एकामागून एक मालवताच थवा पाण्याकडे परतला. 'असा उन्हाळ्यातला बर्फ पुन्हा दिसायचा नाही, म्हणून लेकीला दाखवायला घेऊन आलो,' असे वायरमन म्हणाले. … सहा वर्षांची ही चिमुरडी गाडीच्या टपावर बसून प्रत्येक दिवा मालवताच टाळ्या वाजवत होती."

टाळ्यांचं तू कधी सांगितलं नव्हतंस. की सांगितलं होतंस आणि मी ऐकलं नाही?

बर्फ हा शब्द बाबांचा. तू फक्त तो घेऊन घरी आलीस. आणि गरम तो असणारच, एप्रिल महिन्यातले जिवंत किडे ते. चार दिवस मी डोळे मिटले की तो पूल दिसतो. संध्याकाळ अजून पुरती काळवंडलेली नाही, पाणी शिशाच्या रंगाचं, हवा सगळी पांढरी आणि हलती, आणि त्यात एक माणूस शिडी खांद्यावर घेऊन एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत चालतोय. त्याच्या मागे मागे अंधार येतोय आणि अंधाराबरोबर सगळं शांत होत जातंय. तू वर बसून पाय हलवते आहेस. मी वर्गात मुलांना हजेरीचा आकडा विचारला आणि उत्तर ऐकलंच नाही, इतकी मी तिथे असते.

हे कागद मालकाला दाखव. हातच्या काकणाला आरसा कशाला? तुझ्या डोळ्यांत दोष नाही, कधीच नव्हता.

तुझी
ताई


२६ नोव्हेंबर
ग्रंथालय, सकाळी, शाळा भरायच्या आधी

छोटे,

तुझं कार्ड आलं. नऊ वर्षांनी आलेलं पहिलं अक्षर, आणि त्यात एकच ओळ: "ताई, तीन टिंबांच्या जागी काय होतं?"

तू वाचलंस, नुसतं वाचलं नाहीस, पाहिलंस. आणि म्हणे मला नसलेलं दिसतं! तुझ्या दुकानातल्या त्या पोरीला सांग, माझ्या चाळीस मुलांत एकालाही ही टिंबं दिसली नसती.

मी मुलांना शिकवते की दुसऱ्याच्या मजकुरातलं काही गाळलं तर तिथे तीन टिंबं द्यायची. न देता गाळणं म्हणजे चोरी. बातमी उतरवताना माझा हात तिथे थांबला. गाळायचं तर होतं, आणि टिंबांशिवाय गाळायला हात धजेना. सत्तावीस वर्षांची सवय. लपवायचं होतं तेही नियमाने लपवलं. नाकाने कांदे सोलणारी माणसं अशीच पकडली जातात.

गाळलेल्या ओळी अशा:

"'मोठीलाही हाक मारली होती. ती म्हणाली उद्या पेपर आहे. तिच्यासाठी थोडे पंख कागदात बांधून घेतलेत,' असे सांगून त्यांनी खिशावर हात ठेवला."

खात्याची गाडी फाटकाशी उभी होती. आई मामाकडे गेलेली. बाबा खिडकीखाली येऊन म्हणाले, "चला गं दोघी, गंमत दाखवतो." तू एक चप्पल घालून धावलीस. मी अकरा वर्षांची, दुसऱ्या दिवशी भूगोलाचा पेपर. मी म्हटलं, "मला अभ्यास आहे. तुमच्या गमती तुमच्याजवळ." बाबा म्हणाले, "अगं, तासाभराने काय बिघडतंय?" मी खिडकी लावून घेतली. शेजारच्या काकूंना माझ्याकडे बघायला सांगून ते गेले. त्या पेपरात मला चौऱ्याऐंशी मार्क पडले. त्यातला एकही प्रश्न आज आठवत नाही.

आता जे लिहिते ते बातमीत नाही.

सकाळी उठले तर माझ्या कंपासपेटीवर कागदाची पुडी होती. बाबा ड्यूटीवर गेलेले, तू झोपलेली. उघडली. आत पंख होते. नखाएवढे, पारदर्शक, बारीक जाळीचे, दहाबारा असतील. इतके हलके की माझ्या श्वासानेच सरकले. मला कळलं, काल काहीतरी झालं होतं. फार मोठं काहीतरी. आणि मला बोलावलं होतं आणि मी गेले नव्हते. मला इतका राग आला, छोटे. बाबांचा, तुझा, त्या भूगोलाचा. मी पुडी खिडकीबाहेर धरली आणि फुंकर मारली.

तासाभराने तू उठलीस आणि अंथरुणातूनच ओरडलीस, "ताई, काल बर्फ पडला!" मी म्हटलं, "थापाडी." ते नाव तुला घरातल्या कुणी ठेवलं नाही. मी ठेवलं, त्या सकाळी, सगळं माहीत असताना. दुसरे नंतर म्हणायला लागले. बाबांनी मला पंखांबद्दल कधीही विचारलं नाही. एकदा नुसतं माझ्याकडे बघितलं. मी वह्या भरत होते. पुढे ते हसून "हो हो, पडला होता" एवढंच म्हणायचे, आणि मला वाटतं ते माझ्यासाठी तेवढ्यावर थांबायचे.

मी जे हुकवलं ते घडलंच नाही, असं मी ठरवून टाकलं. आधी लहानपणी, मग मोठेपणी कॉम्प्युटरसमोर बसून. डेटाबेसात काही नाही मिळालं तेव्हा मला बरं वाटलं होतं. मी दुसरा शब्द टाकून पाहिला नाही. जी बाई एका नोंदीसाठी मुलांना तीन तास बसवून ठेवते, तिने दहा मिनिटांत शोध आटोपला. बारा तारखेच्या पत्रात मी सगळा दोष त्या चौकोनावर ढकलला, ते तुला आणि मला दोघींनाही सोपं पडलं असतं. चौकोन नसता तरी मी काहीतरी शोधलंच असतं, न सापडण्यासाठी.

मी तुझ्याकडून चाळीस वर्षं घेतली आहेत. ती परत करता येत नाहीत. मला लाज वाटते आणि ती लाज मी कुणाला सांगितलेली नाही, नवऱ्यालाही नाही.

हे पत्र कुरियरने पाठवते आहे, उद्याच पोचेल. शनिवारी, अठ्ठावीस तारखेला, मी रजा टाकली आहे. तुला चालणार असेल तर दुकानात येईन. मालकासमोर, शेजारच्या मुलीसमोर, रांगेत उभ्या गिऱ्हाइकांसमोर सांगेन की या बाईला जे दिसतं ते असतं. शोकसभेत जितक्या लोकांसमोर बोलले तितके जमेपर्यंत उभी राहीन. राजीनामा द्यायचा का नाही, ते त्यानंतर तू ठरव. तो तुझा प्रश्न आहे, मी त्यात पडणार नाही.

पण त्याआधी एक अडचण आहे. पुलाची बातमी आहे, तारीख आहे, पान क्रमांक आहे. पंखांचं मात्र कुठेच काही नाही. बाबा गेले, पुडी गेली, त्या खोलीत तू गाढ झोपेत होतीस. कुठल्याही डेटाबेसात कुठलाही शब्द टाकला तरी ती सकाळ सापडणार नाही. मी सांगते म्हणून ती घडली, याशिवाय माझ्याजवळ पुरावा नाही.

माझ्यावर विश्वास ठेवशील का, एवढं कळव.

ताई